पाणजाईची पावलं

ठकुबाईचा आवाज गावात कुणाला सोसत नाही, आणि ठकुबाईला त्याचं काडीचं दुःख नाही. करंजवाडीत ती नुसती खाकरली तरी ओढ्यापलीकडं खालच्या आळीतली म्हैस कान टवकारते, असं तिचा नवरा रखमाजी सांगतो. तोसुद्धा ती रानात गेली असेल तेव्हाच सांगतो. पण हाच आवाज ग्रामपंचायतीनं एक दिवस हेरला आणि ठकुबाईला ओढ्यावर नेमलं. लोक हसले. "बरं झालं, आता ओढाच भिऊन मागं फिरंल," म्हणाले. हसू देत बापडे. हसणाऱ्यांचे दात पुढं कसे घशात गेले, तेच तर सांगायचं आहे.

ओढा बघायला गरीब. वेल्ह्याच्या डोंगरातनं उतरतो, करंजवाडी आणि खालची आळी यांच्या मधनं जातो आणि पुढं भाटघर धरणाच्या पाण्याला मिळतो. त्याच्यावर पूल नाही, फरशी आहे. म्हणजे पाणी कमी असलं की सिमेंटच्या फरशीवरून माणसं आणि गाड्या जातात, आणि पाणी वाढलं की फरशीवरून पाणीच जातं. त्यातली मेख अशी, की पाऊस कोसळतो वर डोंगरात आणि खाली लख्ख ऊन पडलेलं असतं. ऊन बघून माणूस बेधडक पाय टाकतो आणि वरून लोंढा येतो. गेनबाची बैलजोडी अशीच गेली. त्याच्या हातात नुसता कासरा राहिला. आठ दिवस तो माणूस जेवला नाही.

त्यानंतर गाव हललं. तालुक्याहून सार्थक नावाचा तरुण इंजिनिअर आला, दुर्बीण लावून मापं घेतली, आणि फरशीच्या वरच्या अंगाला पाण्यात उभ्या असलेल्या एका काळ्या धोंड्यावर ऑइलपेंटचा लाल पट्टा ओढून गेला. पाणी पट्ट्याला लागलं की समजायचं, लोंढा मागोमाग आहे. मग फरशीच्या दोन्ही टोकांना बांबू आडवे टाकायचे आणि कुणालाही सोडायचं नाही. हे काम ठकुबाईचं, कारण तिचं घर ओढ्याच्या कडेला, आणि आवाज असा.

ती मूळची सारोळ्याची, नीरेच्या काठची पोर. नीरेला नवं पाणी आलं की तिची आई तिला घेऊन नदीची ओटी भरायला जायची. हळदकुंकू वाहायचं, खण, नारळ आणि मूठभर तांदूळ पाण्यात सोडायचे, हात जोडायचे. आणि आईचा एक दंडक होता. बायका ओटी भरत असताना कुणी नदी ओलांडायची नाही, मग तो गावचा पाटील का असेना. "आगं, पाव्हणी दारात आलीया. तिला पाट देतानाच कुणी तिच्या अंगावरनं उडी मारून जातं व्हय?" असं आई म्हणायची. तेव्हापासून पाणी म्हणजे पाव्हणी, हे ठकुबाईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पाव्हणी तापट असली तर जपून राहावं, एवढंच.

पहिले पावसाळे झकास गेले. पाणी पट्ट्याला लागलं की ठकुबाई ओरडायची, बांबू पडायचे, लोक शिव्या देत थांबायचे आणि लोंढा गेला की शिव्या गिळून घरी जायचे. गाडं रुळावर होतं. मग फुलाबाईनं घोळ केला.

फुलाबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई. डोळ्यांनी अधू, पण देवाधर्माला पक्की. एका मंगळवारी ती ओढ्यावर पाय धुवायला गेली, तिला पाण्यात उभा काळा धोंडा दिसला आणि त्याच्या कपाळाला तांबडं दिसलं. तिनं हात जोडले, जास्वंदीचं फूल ठेवलं. पुढच्या मंगळवारी तिथं कुंकू आलं. मग नारळ आला, मग शेंदूर आला, आणि दिवाळीपर्यंत धोंड्याला नावसुद्धा पडलं. पाणजाई! ऑइलपेंटचा पट्टा शेंदराखाली कुठं गेला, कुणाला पत्ता नाही. ठकुबाईनं मनावर घेतलं नाही. शेंदूर त्याच उंचीवर होता, पाणी शेंदराला लागलं की ती बांबू टाकायची. देवी तर देवी, काम करतेय ना? येताजाता तीही हात जोडायची. दोन हात जोडल्यानं काय झिजतंय?

पण देवी झाली म्हणजे नवस आले. खालच्या आळीतला कुंडलिक हा मोठा बागायतदार, मनानं चांगला, पण एकदा मनात आलं की ब्रह्मदेवाचं ऐकायचा नाही. त्याची लेक शेफाली, लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. बाप रोज ओढ्यावर येऊन पाणजाईपुढं उभा राहायचा. "आई, माझ्या लेकीची कूस उजव, तुला ह्या गारठ्यातनं वर काढतो. दर पावसाळ्यात नाकातोंडात पाणी जातंय तुझ्या. तुला छप्पर घालतो," असा त्याचा नवस. आणि शेफालीला मुलगी झाली! गोरीगोमटी, कुंडलिकाच्या आईसारखी. कुंडलिक रस्त्यात भेटेल त्याला पेढा भरवत सुटला.

ठकुबाई तेव्हा सारोळ्याला भावाच्या घरभरणीला गेली होती. परत येताना एसटीतनं फाट्यावर उतरली, पिशवी काखोटीला मारून ओढ्याशी आली आणि जागच्या जागी थिजली. पाण्यात धोंडा नव्हता. नुसता खड्डा होता, आणि त्यात खेकडं हिंडत होतं.

मान वर करून बघते तर काय, करंजवाडीच्या बाजूला उंच दरडीवर सिमेंटचा ओटा, त्याला गुलाबी टायली, वर निळा पत्रा, आणि त्याखाली पाणजाई! नवं कोरं पातळ नेसवलेली. समोर कुंडलिक हात जोडून उभा.

"या वैनी! बगा, आई कशी झ्याक बसलीया. आता म्हापूर आला तरी पाण्याचा थेंब लागायचा न्हाई!"

ठकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं भावजी, पाणी लागावं म्हणून तर तिला हितं ठिवली व्हती! ती भिजली की आपुन थांबायचं. आता ती भिजंल तवा आख्खी खालची आळी भाटघरात पोहत आसंल की वो!"

"वैनी, तोंड आवरा. आईपुढं आसं बोलू न्हाई."

"आईला कळतंय म्या काय म्हणती. तुमास्नीच कळंना!"

भांडण पाऊण गावानं ऐकलं, उरलेल्या पाव गावाला घरबसल्या ऐकू गेलं. पण धोंडा परत खाली न्यायचं नाव कुणी काढेना. देवीला बसवली ती बसवली. उठवायची म्हणजे कोप व्हायचा, आणि कोप कुणाच्या दारात जाईल काय सांगावं? आणखी वाईट गोष्ट पुढं कळली. "पाणी पाणजाईला लागलं की थांबायचं" हे गावाच्या अंगवळणी पडलेलं होतं. आता लोक वर बघायचे, देवी कोरडी दिसायची आणि निर्धास्त फरशीवर उतरायचे. ठकुबाईनं जुन्या जागी काठी रोवली, तर ती कुणीतरी वांगी टेकवायला उपटून नेली. ओरडली, तर माणसं म्हणाली, "आई कोरडी हाय की वैनी, तुमी कशाला कावताय?" करायला गेलं काय आणि झालं काय! देवीच्या मायेनं गावाची राखणच उठवून ठेवली.

त्या रात्री ठकुबाईला जेवण गेलं नाही. रखमाजीनं विचारलं तर म्हणाली, "मला गेनबाचा कासरा दिसतोय. आन् त्या कासऱ्याच्या म्होरं बैल न्हाई, मानसं दिसत्यात." एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण हे ती इतक्या हळू बोलली की रखमाजी घाबरला.

दुसऱ्या दिवशी ती वावटळीसारखी सरळ फुलाबाईच्या दारात गेली. "फुलाआत्या, फूल तुमी ठिवलं व्हतं. आता निस्तरा."

फुलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तोंडातलं पान इकडचं तिकडं केलं. मग म्हणाली, "ठके, आपली वाघजाई डोंगरावं व्हती. म्हाताऱ्यांना चढवंना म्हणून गावात आणली. पर पैला नारळ कुठं फुटतोय आजून?"

"डोंगरावं. मूळ ठाण्याला."

"मंग? देव हलतोय, ठाणं हलत न्हाई. आन् मूळ ठाणं वसाड ठिवू न्हाई."

ठकुबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मग तिनं म्हातारीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तिथनंच तडक रेंजच्या दगडावर गेली, कारण करंजवाडीत मोबाईल लागतो तो त्या एकाच दगडावर, आणि सार्थकला फोन लावला. फोन नसता तरी तालुक्यात ऐकू गेलं असतं, असं रखमाजी म्हणतो.

सार्थक आला. पोरगा गुणी. हसला नाही, चिडला नाही. पुन्हा दुर्बीण लावली आणि या वेळी धोंड्यावर नाही, ओढ्याच्या काठच्या अखंड कातळावर खूण धरली. कातळाला कोण उचलून नेतोय? रंगाचा डबा उघडायला लागला तसं ठकुबाईनं त्याचा हात धरला.

"सायेब, पट्टा नगं. पट्ट्याकडं कुणी बगत न्हाई. बरुबर ह्या उंचीला पावलं कोरा."

"पावलं? कुणाची?"

"ज्याची त्याला समजत्याल."

सार्थकनं रंगाचा डबा परत बंद केला. मग म्हणाला, "खूण लोकांच्या ध्यानात राहिली म्हणजे झालं, मावशी. पण खोटं सांगून नको." पाथरवट बोलावला, कातळात दोन पावलं कोरली, बरोबर त्या मापाला. शेंदूर लावायला फुलाबाईच बसली.

गाव गोळा झालं. कुंडलिकही आला, कपाळाला आठ्या घालून. "ही कुणाची पावलं म्हणायची?"

ठकुबाई ठणकावून म्हणाली, "पाथरवटाच्या छिन्नीची हायेत, भावजी. खोटं बोलायची न्हाई म्या. आई वर बसवलीसा, बसू द्या. पर तिचं काम खाली ऱ्हायलंया, ते कुणीतरी कराय पायजे. ही पावलं भिजली की फरशीवं पाय ठिवायचा न्हाई."

"म्हंजी तुमीच कोरली आन् तुमीच देव केला!"

तेव्हा फुलाबाई खालूनच बोलली, शेंदराचा हात न थांबवता. "मंग देव काय आभाळातनं पडत्यात व्हय, कुंडलिका? छिन्नीतनंच निगत्यात की. हे मूळ ठाणं हाय. हात जोड."

सगळ्यांनी हात जोडले. कुंडलिकानंही जोडले, पण मनातून नाही. ते त्याच्या चेहऱ्यावर चांगलं दिसत होतं.

श्रावणात त्यानं नवसाचा भंडारा धरला. मंगळवार, दुपारचा निवद. स्वयंपाक खालच्या आळीत त्याच्या अंगणात, निवद करंजवाडीच्या बाजूला ओट्यावर. भोरचा मुबारक मांडव आणि भांडी घेऊन आला होता. त्याच्याच टेम्पोत भाताची, आमटीची पातेली चढली, लापशीचं डेग चढलं, मागं बाया-पोरं दाटीवाटीनं बसली, आणि पुढं मुबारकशेजारी शेफाली, मांडीवर बाळ. ऊन असं पडलेलं की भांडी चमकत होती. अशा दिवशी पुराचं नाव काढणारा येडा ठरावा.

ठकुबाई करंजवाडीच्या काठावर होती. तिचं लक्ष टेम्पोकडं नव्हतं. वेल्ह्याच्या बाजूला डोंगराची टोकं दिसत नव्हती, तिथं नुसतं काळं मिट्ट झालेलं. पाण्याला चहाचा रंग चढला होता. त्यावरून काटक्या आणि फेस यायला लागला, आणि खेकडी भराभरा काठ चढू लागली. तिनं कातळाकडं नजर टाकली. पावलं भिजत होती.

पलीकडं टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

ठकुबाईनं आपल्या बाजूचा बांबू टाकला, पदर खोचला आणि फरशीवरून जी धावली! ह्या वयात, त्या अंगानं! पाणी फरशीच्या कडेला चाटत होतं. पलीकडं पोचली आणि तिथला बांबू टेम्पोच्या नाकासमोर आडवा टाकून उभी राहिली.

"थांबा! पावलं भिजली!"

मुबारकनं करकचून ब्रेक मारला आणि टेम्पो बंदच केला. कुंडलिक खाली उतरून तरातरा आला. "वैनी, बाजूला व्हा. निवदाचा टाइम टळतोय. हे एवढंसं पाणी, चाकसुदिक भिजायचं न्हाई."

"आता न्हाई भिजायचं. मदोमद ग्येल्याव भिजंल."

"आई वर कोरडी हाय! बगा तिकडं! आन् देव तारी त्याला कोण मारी?"

"तारायला देवानं मला हितं उबी केलीया, ते दिसंना का?"

"मुबारक, गाडी काढ!"

मुबारकनं किल्ली काढून खिशात टाकली. "कुंडलिकशेठ, माझा टेम्पो हाय, होडी न्हाई. मावशीनं बांबू टाकला म्हंजी टाकला."

कुंडलिकाचं डोकं फिरलं. "मंग चालत नेतो! शेफे, उतर. बाळाला घे. आईच्या पायावं घालायचंय आज, घालणारच!" आणि त्यानं बांबूला हात घातला. चार गडी त्याच्या मागं आले, पातेली उचलायला. ठकुबाईनं बांबू धरून ठेवला, पण एक बाई चार गड्यांपुढं किती टिकणार? आवाजानं म्हणावं तर आवाजाला हा माणूस बधत नव्हता. शेफाली बाळाला छातीशी धरून खाली उतरली होती.  आणि त्या क्षणाला तिला आई आठवली. नीरेच्या काठावर तिचं बोट धरून उभी असलेली.

तिनं बांबू सोडला. टेम्पोकडं वळली आणि सगळं खोरं हलेल अशा आवाजात ओरडली.

"बायांनो, खाली उतरा! आईची पावलं भिजली, पाव्हणी दारात आली! वटी भरायची!"

बायका काय, भंडाऱ्याला निघालेल्या. हळदकुंकू, खण, नारळ, तांदूळ, सगळं ताटात तयार. धडाधड उतरल्या. फुलाबाई आदल्या दिवसापासून लेकीकडं खालच्या आळीतच होती. तिला दोघींनी धरून आणली आणि ती थेट बांबूच्या पुढ्यात, रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसली.

"वटी भरस्तवर कुणी वलांडायचं न्हाई," ठकुबाई म्हणाली.

"हे कुठलं नवीन?" कुंडलिक ओरडला.

"माज्या माह्यारचं! आन् पैली वटी शेफालीची. तिच्या बाळासाठी तर सगळं चाललंय. ये गं बाई."

आता बोला! लेक ओटी भरायला पुढं आलेली, आळीतल्या सगळ्या सवाष्णी मागं रांगेत, आणि म्हातारी फुलाबाई वाटेत बसलेली. त्यांना ढकलून जायची कुणाची छाती होती? गड्यांनी पातेली खाली ठेवली. कुंडलिक मिशा चावत उभा राहिला. शेफालीनं काठावरूनच कुंकू वाहिलं, नारळ सोडला. नारळ भोवऱ्यात दोनदा फिरला आणि बाणासारखा गेला. कुंडलिकानं ते बघितलं. मघाचं पाणी असं नव्हतं. दुसरी बाई झाली, तिसरी झाली. ठकुबाई एकेकीला सांगत होती, "सावकाश. तांदूळ नीट सोड. गडबड करू नगं." जन्मात कधी कुणाला सावकाश न म्हटलेली बाई!

मग वरून आवाज आला. आधी ढोल लांबून वाजावा तसा, मग जवळ. "मागं व्हा!" ठकुबाई किंचाळली, आणि तिनं नि रांगेतल्या एका बाईनं फुलाबाईला उचलूनच मागं ओढली. वळणावरून तांबड्या पाण्याची भिंत आली. तिच्यात उंबराचं आख्खं झाड मुळासकट होतं. ते फरशीच्या मधोमध आदळलं, उभं राहिलं, फिरलं आणि खाली गेलं. पलीकडचा बांबू काडीसारखा गेला. फरशी दिसेनाशी झाली. वर दरडीवर, निळ्या पत्र्याखाली, पाणजाई कोरडी ठाक बसलेली होती.

 कुंडलिक जिथं पाऊल टाकायला निघाला होता तिथल्या पाण्याकडं बघत होता. मग त्यानं शेफालीकडं बघितलं, तिच्या कडेवरच्या नातीकडं बघितलं आणि तो मोठा बागायतदार तिथंच चिखलात खाली बसला. तोंडावर उपरणं घेऊन रडायला लागला. गेनबा गर्दीतच होता. तो पुढं झाला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

मग एक पोर रडलं, एक बाई हसली आणि सगळा काठ एकदम बोलायला लागला. मुबारकनं टेम्पो वाजवला, उगीचच, आनंदानं. "मावशी, जिंकलीस गं!" तो ओरडला. बायकांनी ठकुबाईला मिठ्या मारून मारून तिचं पातळ चुरगाळून टाकलं. "आगं सोडा, मरंन मी!" ती ओरडत होती, आणि तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं. आजवर त्या आवाजाला नावं ठेवणारे गडी "काय आवाज, काय आवाज!" म्हणत माना डोलवत होते. आता म्हणा की, लेकांनो!

ओढा काही लवकर उतरणार नव्हता, आणि आमटी निवत होती. फुलाबाई म्हणाली, "निवद हितंच. मूळ ठाण्याच्या पाण्याला." तिथंच रस्त्याच्या कडेला पत्रावळी पडल्या. कुंडलिकानं स्वतः पहिली पत्रावळ वाढली. भात, आमटी, लापशी, वर तुपाची धार. सगळ्यांना वाटलं, ओढ्यात सोडणार. तो ती घेऊन ठकुबाईपुढं आला, वाकला आणि तिच्या पायांशी पत्रावळ ठेवली. पाय चिखलानं भरलेले, ओलेचिंब. त्यानं त्या पायांवर डोकं टेकलं.

"वैनी," तो म्हणाला, "पावलं हीच व्हती. मला उशिरा दिसली."

 ठकुबाईनं डोळे पुसले, पत्रावळ उचलली, लापशीचा एक मोठा घास तोंडात घातला, आणि मग तिला तिचा आवाज सापडला.

"ते समदं ठीक हाय, भावजी," ती गरजली, आणि पलीकडं करंजवाडीत रखमाजीलासुद्धा ऐकू गेलं. "पर उद्या मला शेंदूर फासून त्या सिमेटाच्या वट्यावं नेऊन बसवाल, तर बगा!"